राहीआक्काची शेवटची खुंटी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, डोंगराच्या पोटाशी वसलेल्या कौठझरी गावात राही नावाची एक गुराखीण होती. खरा गुराखी तिचा नवरा. तो साप चावून गेला, तेव्हा गाव म्हणालं, आता नवा माणूस बघायला हवा. पण दुसऱ्या दिवशी उजाडायला राही नवऱ्याची काठी घेऊन वेशीत उभी राहिली, आणि दावी सुटलेली गुरं एकेक करून तिच्या मागं चालू लागली. गुरांनीच निकाल दिल्यावर माणसं काय बोलणार? त्या दिवसापासून ती गावाची राहीआक्का झाली.

कौठझरीत त्र्याहत्तर उंबरे होते, आणि गुराखिणीला रोज एका उंबऱ्याची भाकरी असे. आज पाटलाकडची, उद्या कुंभाराकडची, परवा गावकुसाबाहेरची. त्र्याहत्तर दिवसांनी पाळी पुन्हा पाटलाकडे यायची. त्यामुळे गावात कुणाच्या कालवणात मीठ जास्त आणि कुणाच्या घरात पीठ कमी, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माणसांची नावं मात्र तिच्या ध्यानात राहत नसत. पाटलाच्या थोरल्या लेकाला ती जन्मभर, त्यांच्या गाईवरून, "कपिलेच्या घरचा" म्हणत आली. कपिलेची आई, आजी, पणजी मात्र तिला तोंडपाठ होती. ती गुरांवर कधी ओरडली नाही, माणसांवर ओरडायची. ती कसर तिथं भरून निघायची.

गावाच्या वर थोरला माळ होता. लांबून पाहणाऱ्याला तो बोडका दिसे. पण जवळ जाऊन बसलं की कळायचं, खडकाच्या फटीफटीतून गवत आहे, तरवडाची झुडपं आहेत, खालच्या अंगाला बारमाही ओल आहे. तीनशे जनावरं त्या माळावर जगायची. धनगराची मेंढरं, कुंभाराची गाढवं, सगळी त्यातच आली.

आता इथं गावाची चूक सांगायला हवी, कारण चूक लपवून गोष्ट सांगितली तर ती गोष्ट नव्हे, भाटगिरी. दर काही वर्षांनी संस्थानाचा कारकून जमिनींची पाहणी करायला यायचा. कारकून येणार अशी कुणकुण लागली, की राहीआक्का सगळी गुरं हाकून डोंगरापलीकडच्या घळीत नेऊन बसायची. तीन दिवस, चार दिवस. कारकून यायचा, रिकामा माळ बघायचा. पाटील कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "काय सांगू रावसाब, गवताची काडी उगवत न्हाई." कारकून लिहायचा, पड जमीन, कुणाच्या उपयोगाची नाही. माळाचा सारा भरण्यातून गाव सुटायचं आणि त्या संध्याकाळी घराघरात खीर व्हायची. असं तीस वर्षं चाललं. खिरीची वाटी राहीआक्कालाही मिळायची, आणि ती चाटूनपुसून खायची.

मग एका चैत्रात दवंडी पिटली. संस्थान नवी पेठ वसवणार. दुकानांच्या चार ओळी, गाड्यांना उतरायला सराई, व्यापाऱ्यांची घरं. कुठं? तर कौठझरीच्या थोरल्या माळावर. दप्तरात पड म्हणून लिहिलेली एवढी सलग जमीन दुसरी नव्हती. चार दिवसांत माणसं आली आणि माळावर एकशे एक खुंट्या ठोकून गेली. अक्षय तृतीयेला पाया खणायचा होता.

पाटलाने चावडीवर गाव बोलावलं. आले किती? वीसेक. त्यातले निम्मे आपल्याला पेठेत दुकान मिळेल का, हे विचारायला आले होते. खुद्द रंगराव पाटलाच्या मनात कोपऱ्यावरचा गाळा भरला होता, असं म्हणतात. ज्याच्याकडे शेत होतं तो म्हणाला, मला माळाचं काय? ज्याच्याकडे शेत नव्हतं त्याला चावडीवर कुणी बोलावलंच नव्हतं. तंबाखू संपली तशी बैठकही संपली.

राहीआक्का चावडीच्या खाली उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी ती भाकरी खाऊ शकली नाही. तीस वर्षं गुरं घळीत कुणी लपवली? माळाला मुकं कुणी केलं? आपणच, असं तिच्या मनानं तिला सांगितलं, आणि ते तिला फार लागलं. तीनशे जनावरं उद्या कुठं नेऊन बांधायची? जनावर गेलं की कुंभार जाणार, धनगर जाणार, एका म्हशीवर चार तोंडं जगवणाऱ्या विधवा जाणार. तिला एकेका उंबऱ्याची चव आठवत होती, आणि त्यातला कुठला उंबरा आधी मोडेल तेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी गुरं वर नेली. दिवस कलला. गोठ्यांत वासरं हंबरायला लागली. बाया चरव्या घेऊन दारात आल्या. पण वाटेवर धूळ उठली नाही, घंटा वाजल्या नाहीत. गुरं घरी आलीच नाहीत.

पहिल्यांदा धार काढणाऱ्या बाया चढल्या. त्यांच्या मागून त्यांचे नवरे. मग धनगर, कुंभार, गावकुसाबाहेरची माणसं. शेवटी पाटीलही धापा टाकत आला, कारण कपिला गाभण होती आणि त्याचा जीव तिच्यात होता. चावडीवर जे गाव जमलं नाही, ते दुधासाठी जमलं. त्र्याहत्तर उंबऱ्यांतून एकही मागं राहिला नाही. खुंट्यांच्या मधोमध गुरं उभी होती आणि गुरांच्या मधोमध राहीआक्का.

"आक्का, गुरं का आडवून धरलीस?" पाटील ओरडला.

"म्या न्हाई आडवली. ज्याचं हाय त्यानं न्यावं की," ती म्हणाली. "पर उद्यापास्नं कुठं चारणार ते सांगून न्यावं. तुझ्या गाळ्यात चारतोस व्हय रं कपिलेला?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं.

मग ती बोलली, आणि तिच्या आयुष्यात ती एकदम एवढं कधीच बोलली नव्हती. "ह्यो माळ आपुन मारला. तीस वरसं खोटं बोलून मारला. आता खरं सांगायचं. सारा द्यावा लागंल, तर द्यायचा. गुरं कुणी लपिवली इचारलं, तर माझं नाव सांगा. पर खरं सांगाया एकटी जाऊन भागणार न्हाई. गावातलं झाडून समदं पायजे. घरटी एक माणूस. ज्याचं जनावर हितं चरतंय, त्याला हितं बोलायचा हक्क."

बायजा म्हातारी मागून म्हणाली, "माझी तर एक कोंबडीच हाय गं."

"कोंबडी चरत न्हाई व्हय? बस म्होरं."

आणि बायजा पुढं बसली, पाटलाच्या शेजारी. पाटलाने जरा अंग चोरलं, पण उठला नाही. अशी कौठझरीची माळसभा सुरू झाली. गाव करी ते राव न करी असं आपण उठता-बसता म्हणतो. पण गाव कधी करतं? एका जागी बसलं तर. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बसलं.

कुलकर्ण्याने अर्ज लिहिला. तीस वर्षं कारकुनाच्या कागदावर मान डोलावणारा तोच. अर्जात नुसतं "नको" लिहायचं नाही, असं राहीआक्काने बजावलं होतं. पेठ कुठं व्हावी तेही लिहायचं. ओढ्यापलीकडे गाडीवाटेला लागून सपाट खडक होता. तिथं खरोखर काडी उगवत नव्हती. पेठ तिथं करा, जागा साफ करून आम्ही देतो, असं गावानं लिहून दिलं.

संस्थानाचा कारभारी घोड्यावरून आला. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर जगणारा होता. त्याने विचारलं, "तीस वर्षं सांगता इथं काडी उगवत नाही. आता सांगता तीनशे जनावरं जगतात. यातलं खोटं कोणतं?"

"आधीचं," राहीआक्का म्हणाली. "ते माझं."

असं सरळ उत्तर त्याने दरबारात कधी ऐकलं नसावं. तो म्हणाला, "सात दिवस तुमची गुरं याच माळावर राहतील. बाहेरून वैरणीची एक पेंढी यायची नाही. सातव्या दिवशी सगळी उभी दिसली, तर खुंट्या उपटीन. एक जरी जनावर बसलेलं दिसलं, तर पेठ इथंच."

चैत्राचं ऊन. पाखरंसुद्धा सावली सोडत नव्हती. तरी घरटी एक माणूस माळावर बसला, आणि बाकीचे ओढ्यापलीकडचा खडक साफ करायला लागले. तिसऱ्या दिवशी पाटलिणीने कपिलेसाठी चादरीत गुंडाळून कडब्याची पेंढी पाठवली. राहीआक्काने ती उचलली, तडक कारभाऱ्याच्या पहारेकऱ्याकडे गेली आणि त्याच्या घोड्यापुढे टाकली. "एकदा लपिवलं ते भोवलं," एवढंच म्हणाली. घोड्याने पेंढी खाल्ली, पाटलिणीने आठ दिवस अबोला धरला.

आणि माळ? संध्याकाळी गुरांनी जिथलं गवत मुळापर्यंत खुडलं असायचं, तिथं सकाळी बोटभर कोवळं गवत उभं असायचं, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी खालच्या ओलीतून पाणी वर आलं आणि तीनशे जनावरं प्यायली तरी ते तसूभरही उतरलं नाही, असं म्हणतात. माळालाही आपलं नाव परत हवं होतं, असं जुनी माणसं सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे.

सातव्या दिवशी सकाळी कपिला बसली.

पहारेकरी धावत सुटला. पाटील लहान मुलासारखा रडायला लागला. कोपऱ्यावरचा गाळा आता त्याच्या स्वप्नातही नव्हता. राहीआक्का मात्र कपिलेच्या पाठीवर हात ठेवून शांत बसली होती. तिने सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं.

कारभारी आला, तोवर कपिला उभी होती. तिच्या पोटाखाली एक ओलं वासरू लटपटत उभं राहायची खटपट करत होतं.

"एक बसलं हुतं," राहीआक्का म्हणाली. "दोन उठली. मोजा."

कारभाऱ्याने खुंट्या उपटायचा हुकूम दिला. पड हा शब्द खोडला, गायरान असं लिहिलं आणि विचारलं, "कुणाच्या नावावर लिहू? कागदाला नाव लागतं."

"समद्यांची लिवा. एकाचं लिवलंसा, तर त्यो एक उद्या इकील."

कुलकर्णी त्र्याहत्तर नावं लिहीत बसला. सर्वांत शेवटी बायजा म्हातारीचं नाव होतं.

खुंट्या उपटून मोजल्या, तर भरल्या शंभर. एक सापडेना. राहीआक्का म्हणाली, "शेवटची खुंटी गावत न्हाई तवर म्या खाली उतरत न्हाई." लोकांनी चार दिवस शोधलं, मग सोडून दिलं. ती मात्र माळावरच राहिली. घोंगडी अंथरून तिथंच बसायची, तिथंच निजायची. पाळीची भाकरी घेऊन रोज एक उंबरा वर चढायचा, आणि वर आला की माळ नजरेखालून घालायचा. कुणी बांध सरकवला, कुणी झुडपं तोडली, सगळं दिसायचं. दरसाल माळसभा बसायची. लोक विचारायचे, "आक्का, काम झालं न्हवं? आता चल घरी." ती म्हणायची, "एक खुंटी ऱ्हायलीया."

अशी कितीतरी वर्षं गेली. कुणी चाळीस म्हणतात, कुणी साठ. एका संध्याकाळी गुरं एकटीच घरी आली. पण गोठ्यात शिरली नाहीत. प्रत्येक जनावर आपापल्या दारात उभं राहिलं आणि घरातला एक माणूस बाहेर येईपर्यंत हललं नाही, असं म्हणतात. मग ती वळली आणि माणसांना घेऊन पुन्हा माळ चढली. वर राहीआक्का नव्हती. तिची काठी नव्हती, पायांचा ठसा नव्हता. फक्त घोंगडी होती, नीट अंथरलेली.

पाटलाच्या नातवाने घोंगडी उचलली. खाली, तिच्या बसायच्या जागी, जमिनीत रुतलेली एक खुंटी होती. डोकं घासून गुळगुळीत झालेली. एकशे एकावी.

ती खुंटी तिला हरवलेली कधी नव्हतीच. काम संपलं असं गावाला एकदा वाटलं की गाव पुन्हा घरी जाऊन बसेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सारा जन्म त्या खुंटीवर बसून राहिली. त्या संध्याकाळी माळावर बाया-बापे ढसाढसा रडले, आणि मग त्यांनी तिथंच सभा भरवली.

ती खुंटी आजही कौठझरीत आहे. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी ती माळावर ठोकतात. त्या दिवशी गुरं संध्याकाळी घरी आणत नाहीत, घरटी एक माणूस वर चढतो. आता गावात गुरं थोडी. ज्यांच्याकडे जनावर नाही, ते बेंदराचा मातीचा बैल हातात घेऊन येतात. शहरात गेलेली माणसं मोटारीत पुढं काचेपाशी मातीचा बैल ठेवून येतात. एका म्हातारीच्या हातात मातीची कोंबडी असते, आणि तिला पुढं बसवतात. वर्षभरात गावच्या जमिनीवर काय व्हायचं, रस्ता कुठून न्यायचा, कुणाला जागा द्यायची आणि कुणाला नाही, हे तिथं ठरतं. मग सगळे मिळून खुंटी उपटतात आणि पाळीप्रमाणे एका उंबऱ्याच्या हवाली करतात. वर्षभर माळाची राखण त्या उंबऱ्याची.

गेल्या साली साहेबलोक नकाशे घेऊन आले होते. चहापाणी झालं, बोलणं झालं. निघताना त्यातला एकजण म्हणाला, म्हणजे तुमच्या बाजूने आता सगळं संपलं ना? खुंटीची पाळी त्या घरची होती. ओसरीवर बसलेल्या बाईने आत जाऊन देव्हाऱ्यातली खुंटी आणली, त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "न्हाई साहेब. एक ऱ्हायलीया."