नथीवर बसली म्हैसकाकू

गुरुवार. सकाळचे आठ. शेवग्याखालचा मांडव.

टिमकी उंदरीची नथ पडली.

टिमकी एवढीशी. एवढुश्शी. आज तिच्या बकुळाताईचं लग्न. टिमकी करवली. करवली म्हणजे नवरीच्या मागे उभी राहणारी बहीण. केवढा मान!

टिमकीचा परकर जांभळा. जांभळ्या परकरावर काय शोभेल? लाल खड्याची नथ लावून पाहिली. नको. हिरव्या खड्याची लावून पाहिली. नको नको. मोत्याची लावली. हो हो, हीच!

आणि टिमकी शिंकली.

आक्‌छी!

नथ उडाली. टिंग! सतरंजीवर पडली. गर गर गर घरंगळली. थांबली.

तिथेच म्हैसकाकू बसली.

धप्प!

"काकू, काकू, ऊठ ना! तुझ्याखाली माझी नथ आहे."

"अगं बाई! नाकात नथ नाही? मग तू करवली कसली? नथीशिवाय नवरीच्या मागे उभं राहायचं नाही हं!"

"पण नथ तुझ्याखाली आहे."

"असेल. पण मी कशी उठू? शालू माझा हिरवा. गळा माझा ओका. हिरव्या शालूवर सोन्याची ठुशी हवी. अशीच उठले तर लोक हसतील. जा, खेकड्याकडून ठुशी आण. मग उठते."

आता सांगा! नथ कुणाची? टिमकीची. वर बसलं कोण? काकू. आणि धावायचं कुणी? टिमकीनं!

तुरुतुरु तुरुतुरु. टिमकी गेली खेकड्याकडे.

खेकडा होता सोनार. सोन्याचे मणी ओवत होता. टक टक टक.

"खेकडेदादा, खेकडेदादा, ठुशी दे!
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

खेकडा म्हणाला, "ठुशी झालीय गं. पण मागे गोंडा नाही. गोंड्याशिवाय गळ्यात बांधणार कशी? जा, कोळिणीकडून गोंडा आण. मग देतो."

तुरुतुरु तुरुतुरु. टिमकी गेली कोळिणीकडे.

कोळीण सूत काढत होती. सुर्र सुर्र सुर्र. आठ पायांनी आठ गोंडे करायची.

"कोळीणबाई, कोळीणबाई, गोंडा कर!
खेकडा ठुशी देईना,
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

कोळीण म्हणाली, "काकूचा शालू कसला?"

"हिरवा."

"आणि माझं सूत पांढरं. हिरव्या शालूवर पांढरा गोंडा? शी! मुळा दिसेल मुळा! लाल हवा, लाल. जा, सरड्याकडून लाल रंग आण. मग करते."

तुरुतुरु तुरुतुरु. टिमकी गेली सरड्याकडे.

सरडा होता रंगारी. घडीत पिवळा. घडीत तपकिरी. बसला होता कुंपणावर.

"सरडेमामा, सरडेमामा, लाल रंग द्या!
कोळीण गोंडा करीना,
खेकडा ठुशी देईना,
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

सरडा म्हणाला, "रंग आहे. ही बघ पुडी. पण कोरडा. भिजवायचा कशात? माझ्या डोक्यात? जा, बेडकीला सांग. एक घागर पाणी भर म्हणावं. मग देतो."

नऊ वाजले. मांडवात सनई सुरू झाली. पीं पीं पीं. लग्न दहाला. आणि करवली कुठे? रस्त्यावर!

तुरुतुरु तुरुतुरु. टिमकी गेली बेडकीकडे.

बेडकी तळ्याकाठी बसली होती. पिवळी साडी. केसात अबोलीचा गजरा. शेजारी घागर. रिकामी.

"बेडूकमावशी, बेडूकमावशी, पाणी भर!
सरडा रंग देईना,
कोळीण गोंडा करीना,
खेकडा ठुशी देईना,
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

बेडकी म्हणाली, "आज? लग्नाच्या दिवशी? भुंड्या हातांनी पाणी भरू? डराँव! माझी साडी पिवळी. पिवळ्या साडीवर हिरव्या बांगड्या हव्यात. जा, साळुंकीला सांग. बांगड्या भर म्हणावं. मग भरते पाणी."

टिमकीचे पाय दुखले. टिमकीची शेपटी दमली. पण नथ हवी ना? करवली व्हायचंय ना?

तुरुतुरु तुरुतुरु. टिमकी गेली साळुंकीकडे.

साळुंकी होती कासारीण. टोपलीत बांगड्याच बांगड्या. किण किण किण. आणि तोंडात बडबडच बडबड.

"साळुंकीताई, साळुंकीताई, बांगड्या भर!
बेडकी पाणी भरीना,
सरडा रंग देईना,
कोळीण गोंडा करीना,
खेकडा ठुशी देईना,
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

साळुंकी म्हणाली, "भरते, भरते, कुणाच्याही हातात भरते! पण आधी नवरीचा चुडा. मग बाकीच्यांच्या बांगड्या. रीतच आहे बाई, मी काय करू?"

"मग भर ना ताईचा चुडा!"

"कसा भरू? सकाळपासून टोपली घेऊन बसलेय. नवरी हातच पुढे करीना! जा, तूच सांग तिला."

ताई? हात पुढे करीना? आपली ताई?

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! टिमकी गेली बकुळाताईकडे. साळुंकी गेली मागोमाग. किण किण किण.

बकुळाताई पाटावर बसली होती. पिवळीधमक साडी. कपाळाला मुंडावळ्या. आणि दोन्ही हात पाठीमागे.

"ताई, ताई, हात पुढे कर!
साळुंकी बांगड्या भरीना,
बेडकी पाणी भरीना,
सरडा रंग देईना,
कोळीण गोंडा करीना,
खेकडा ठुशी देईना,
काकू उठेना,
माझी नथ सुटेना!"

बकुळाताई म्हणाली, "हात पुढे करू? कसा करू? चुडा भरताना शेजारी करवली लागते. हात धरायला. माझी करवली गेली कुठे? मी केव्हाची वाट बघतेय!"

टिमकीच्या डोळ्यांत पाणी.

"ताई... करवली मीच. पण नाकात नथ नाही. काकू म्हणाली, नथीशिवाय करवली नाही."

बकुळाताईनं टिमकीकडे पाहिलं. जांभळा परकर पाहिला. रिकामं नाक पाहिलं. नाक गुलाबी झालं होतं. थरथर हलत होतं.

"नवरी कोण गं? मी की काकू?"

"तू."

"मग करवली कुणी ठरवायची?"

"तू!"

"साडीवर दागिना शोधतात, टिमके. दागिन्यावर बहीण शोधत नाहीत. ये इकडे. धर माझा हात!"

आणि ताईनं हात पुढे केला. टिमकीनं तो धरला. घट्ट!

मग काय! सगळं सुटलं भराभर!

साळुंकीनं चुडा भरला. किण किण किण!
चुडा भरला, साळुंकी उडाली तळ्याकडे. बेडकीला बांगड्या मिळाल्या. पिवळ्यावर हिरव्या. वा वा!
बेडकीनं पाणी भरलं. बुडबुड बुडबुड!
सरड्यानं रंग भिजवला. डुचुक डुचुक! स्वतःही लाल झाला.
कोळिणीनं गोंडा केला. सुर्र सुर्र! लालचुटूक!
खेकड्यानं ठुशीला गोंडा लावला. टक टक!
खेकड्यानं मांडवात येऊन काकूच्या गळ्यात ठुशी बांधली. हिरव्यावर सोनं. सोन्यामागे लाल. वा वा वा!

आणि म्हैसकाकू... हळूहळू... हळूहळू...

उठली!

सतरंजीवर नथ! पण चपटी. अगदी पापडासारखी.

"थांबा!" खेकडा म्हणाला. चिमटा पुढे केला. वाकव, उचल, सरळ कर. टक!

नथ झाली गोल. मोती चकचक.

टिमकीनं नथ घातली. जांभळ्या परकरावर मोत्याची नथ. शोभली की नाही? शोभली, शोभली!

दहाला एक मिनिट कमी. टिमकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु! ताईच्या मागे उभी राहिली. ताठ. शेपटीसुद्धा ताठ.

दहा वाजले. अंतरपाट सरला. अक्षता पडल्या. झुरझुर झुरझुर. सनई वाजली. पीं पीं पीं! ताशा वाजला. तडम् तडम्!

लग्न लागलं!

मग पंगत बसली. खेकडा बसला. कोळीण बसली. सरडा बसला. बेडकी बसली. साळुंकी बसली आणि बोलत बसली. पहिली जिलबी कुणाला? टिमकीला! करवलीचा मान!

म्हैसकाकू पण बसली. या वेळी आधी खाली वाकून बघितलं. मग बसली.

"हुश्श!" काकू म्हणाली. "आता बरं वाटतंय. आठ वाजल्यापासून टोचत होतं मेलं!"

सगळ्यांचे हात थांबले. सनई थांबली.

"काय?" खेकडा म्हणाला.

"टोचत होतं?" कोळीण म्हणाली.

"आठ वाजल्यापासून?" सरडा, बेडकी आणि साळुंकी म्हणाले.

टिमकी पानावरून उठली. काकूसमोर गेली. तुरुतुरु तुरुतुरु. कमरेवर हात ठेवले. एवढेसे हात.

"काकू, काकू, टोचत होतं, तर आठ वाजताच का नाही उठलीस?"

काकूनं एक जिलबी तोंडात घातली. मग दुसरी. मग तिसरी.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. आज शनिवार.

काकू अजून रवंथ करते आहे. उत्तर दिलेलं नाही.