शेठची रबरी चटई

कोठारेशेठच्या बर्फाच्या कारखान्यात फरशी कायम ओली. तरी विजेच्या पॅनेलपुढे रबरी चटई नव्हती. ती होती केबिनमध्ये, शेठच्या खुर्चीखाली. शेठच्या पायांना फरशी गार लागायची म्हणे!

शिमग्यात पॅनेलवर काम करताना वायरमन हणमंत शॉक लागून गेला. शोकसभेत शेठ म्हणाले, "पॅनेल म्हणजे आपली लक्ष्मी. ती कुणाचं वाईट करत नाही. हणमंताची श्रद्धाच कमी पडली."

हणमंताची बायको समोरच बसली होती.

पुढे खंडेनवमीला यंत्रांची पूजा निघाली. शेठ अनवाणी, बोटाला ओलं कुंकू. पॅनेलजवळ आले आणि थबकले.

"अरे शेवाळे, आधी केबिनमधली चटई आण."

शेवाळे हणमंताच्या जागी आलेला वायरमन. तो जागचा हलला नाही. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "चटई कशाला, शेठ? तुमचीपण श्रद्धा कमी पडली का?"

शेवटी शेठ स्वतःच गेले आणि चटई बगलेत मारून आले. त्यानंतर ती पॅनेलपुढून कधी हलली नाही.

हणमंताला मात्र ती सात महिने उशिरा मिळाली.