नऊ पावलं अनवाणी

माळतळे गावच्या तळ्याच्या बांधावर मधोमध नऊ पावलांचा एक पट्टा आहे. तिथे ना देऊळ, ना थडगं, ना शेंदूर फासलेला धोंडा. नुसता मुरूम आणि कडेला हरळी. तरीही तिथे आलं की चपला काढून हातात घ्यायच्या, नऊ पावलं अनवाणी चालायचं आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालायच्या. तहसीलदार आले तरी यातून सुटका नाही. वैशाखात मुरूम असा तापतो की मोठमोठे साहेब ती नऊ पावलं चार उड्यांत संपवतात.

पाहुण्यांना हे दाखवतात ते सिद्राम वडार, तळ्याचे जुने पाटकरी. पाणी सोडायची मोरी उघडण्यात आणि बंद करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. पाहुण्यांना ते चपला काढायला लावतात आणि स्वतः मात्र वहाणा कर्रकर्र वाजवत खुशाल पुढे जातात. कुणी "आजोबा, तुमच्या पायात कशा?" असं विचारलंच, तर म्हणतात, "आधी गोष्ट ऐका, मग भांडा."

गोष्ट यल्लव्वाची आहे. दगड फोडणाऱ्या वडारांची ही बाई. तिच्या बापाने गावातले तीन उंबरे घडवले होते, असे सांगतात. एक महादेवाच्या देवळाचा, एक पीरसाहेबांच्या दर्ग्याचा आणि एक जैनांच्या बस्तीचा, म्हणजे त्यांच्या मंदिराचा. तिन्ही अखंड काळ्या दगडाचे, पुरुषभर लांब. लहानपणी यल्लव्वाने वाळू आणि पाणी घालून ते घासले होते, आरशासारखे गुळगुळीत केले होते. पण एकदा बसवल्यावर त्यातला एकही उंबरा तिला ओलांडता आला नाही. देवळात वडाराला मज्जाव, दर्ग्यात बाईमाणसाला मज्जाव आणि बस्तीत मटण खाणाऱ्याला मज्जाव. कारणं निरनिराळी, पण बाई मात्र तिन्हीकडे बाहेरच. वर देवळासमोरून जाताना वडारांनी वहाणा काढून डोक्यावर घ्यायच्या, असा रिवाज होता. ती तशीच जायची आणि जाताना उंबऱ्याकडे बघायची. आपल्या बापाच्या हातचं काम आहे, एवढंच तिला वाटायचं.

देवळाचा शिवाप्पा गुरव आणि दर्ग्याचा काशीम मुजावर यांचं रोज भांडण आणि रोज सोंगट्या. आधी नगारा की आधी अजान, आधी पालखी की आधी संदल, यावर दोघे हमरीतुमरीवर यायचे आणि संध्याकाळी एकाच चंचीतलं पान खायचे. बस्तीचे नेमू उपाध्ये मधे पडायचे आणि दोघांच्याही शिव्या खायचे.

एका वर्षी हस्ताचा पाऊस असा लागला की पाच दिवस सूर्य दिसला नाही. सहाव्या दिवशी भर दुपारी मोरीशेजारी बांधाला भगदाड पडलं. टाकलेला दगडगोटा पाणी भुशासारखा उडवून लावू लागलं. बांधाच्या पायथ्याशीच वडारांची वस्ती होती. तिथे यल्लव्वाची सून दुर्गव्वा सातव्या महिन्यात होती. तिला हलवावं तर ओढा दोन्ही बाजूंनी फुगलेला. अशात कुणी जुना जाणता म्हणाला म्हणे, "बांध जीव मागतोय. पोटुशी बाई मागतोय." आणि जमलेल्या माणसांच्या नजरा हळूहळू वस्तीकडे वळल्या.

यल्लव्वा पहार घेऊन आडवी उभी राहिली.

"बांधाला जीव नगं," ती ओरडली, "लांब दगूड पायजे! आडवा बसंल असा. तसले तीनच हायती गावात, माझ्या बानं घडवलेले."

गुरवाच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, देवाचा उंबरा तो!"

"मग देव काय उंबऱ्यात ऱ्हातो? आत ऱ्हातो न्हवं?"

उंबरे काढायचं ठरलं. पण खोड जाते कुठे? गुरव म्हणाला, "आधी दर्ग्याचा काढा." मुजावर म्हणाला, "का? आधी देवळाचा." उपाध्ये म्हणाले, "बस्तीचा तर सगळ्यांत मागनं बसवलाय, तो मागनंच निघंल." यांचं हे मानपान चाललेलं आणि तिकडे बांध हात हात खचतोय. शेवटी यल्लव्वाने हातातली पहार मुजावराच्या पायाशी आपटली. "तिन्ही एकदम काढा. न्हाईतर सोंगट्या खेळायला कुणीबी ऱ्हाणार न्हाई."

तिन्ही दारांत एकदमच पहारी लागल्या. उंबरा निघाला तेव्हा शिवाप्पा गुरव लहान मुलासारखा रडला आणि त्याच्या बाजूने दगडाला खांदा द्यायला काशीम मुजावर आला. भगदाडात तिन्ही दगड आडवे बसले. वर गोटा, त्यावर चिकणमाती. दिवेलागणीपर्यंत पाणी थोपलं.

दोन महिन्यांनी दुर्गव्वाला मुलगी झाली. तेव्हा तिघे पुजारी लुगडं-चोळी घेऊन यल्लव्वाकडे आले. नवे उंबरे घडवून दे, म्हणाले.

"देती की," ती म्हणाली. "हात अजून चालत्यात. पर त्येंच्या भायेर पुन्यांदा मीच बसायची असंन, तर ह्या पोरीला काय सांगू? तिच्यापायी काढलं आन् तिलाच आडवायला बसिवलं म्हनून?"

 गुरव उठला. "नगं उंबरा," म्हणाला, "चल." त्या दिवशी यल्लव्वा नातीला खांद्यावर घेऊन तिन्ही दारांतून आत गेली. तिला बघून कुठलाच देव रागावला नाही, असे सांगतात.

मग गावाने ठरवलं, की बांधातल्या त्या तीन उंबऱ्यांवरून, दर दगडाला तीन पावलं, चालताना सगळ्यांनी वहाणा काढायच्या. फक्त वडारांनी नाही. त्यांनी पुष्कळ काढल्या.

पुढे देश स्वतंत्र झाला. गावात शाळा आली, ग्रामपंचायतीची कचेरी आली, बुद्धविहार झाला, माळावर ख्रिस्ती लोकांचं छोटं प्रार्थनाघर झालं. दर वेळी बाहेरगावचा सुतार विचारायचा, "चौकटीला उंबरा केवढा?" आणि गाव सांगायचं, "आमच्यात बसवत न्हाईत." दिल्लीत राज्यघटनेत लिहायला तीन वर्षं लागली, ते आमच्या यल्लव्वानं एका दुपारी पहारीनं केलं, असं सिद्राम म्हणतात. म्हाताऱ्या माणसाने थोडं फुगवून सांगायचंच.

आजही माळतळ्यात कुठल्याच देवाच्या दाराला उंबरा नाही. पावसाचं पाणी सरळ दर्ग्यात शिरतं आणि महादेवासमोर शेळ्या येऊन बेलपान खातात. गुरवांची आताची पिढी हाकलून हाकलून थकली, पण उंबरा बसवू म्हणत नाही. बांधातले ते तीन दगड कुणाचा कुठला, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पाहुणे चपला हातात घेऊन गुपचूप ती नऊ पावलं चालतात. आणि त्यांच्यापुढे सिद्राम वडार, दुर्गव्वाच्या त्या लेकीचे पणतू, वहाणा घालून ताठ मानेने चालत असतात.