वाघ कोपऱ्यात गेला

“...आणि वाघ-बकरीच्या डावात तुम्हाला आजवर कोणी हरवलंच नाही म्हणतात. खरं का, बुवा?”

“या पंचक्रोशीत? कोणाच्या बापाची छाती नाही!” सटवाबुवा गोसाव्याने मिशीला पीळ दिला. मग जरा खाकरला. “आता... माझ्याशी खेळायला कोणी बसत नाही, ती गोष्ट निराळी. मी बकऱ्या चोरतो.”

विश्राम तगारे हसला नाही.

नाव विश्राम, पण कपाळावरची शीर कायम ताठ. शहरातून गाडी दामटत या नदीकाठच्या देवळात आला होता, तोही रागातच. देवाने डोकी वाटली तेव्हा आपण दोनदा रांगेत उभे होतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत. म्हणून तर मुलीला, ऋजुताला, शाळेतून काढून तो घरीच शिकवत होता. कपाटभर पट आणले होते. बुद्धिबळ, किल्ल्यांचे खेळ, जहाजांचे खेळ. पोरगी खेळेल आणि खेळता खेळता विचार करायला शिकेल.

“आणि ती मुद्दाम हरते, बुवा!”

“मुद्दाम?”

“शेजारच्या पोरांना लोळवते. चार चाली पुढचं दिसतं तिला, मी दारामागून पाहिलंय. माझ्यासमोर बसली की वजीर आणून माझ्या तोंडात देते. दिवाळीपासून हेच! बायको म्हणते, जूनमध्ये परत शाळेत घालते. अख्ख्या खानदानाशी भांडून मी शाळा सोडवली. आता सगळे हसतील.”

“पोरगी हसते का?”

“तिचा इथे काय संबंध?”

बुवाने काडीने दात कोरले.

“दोघं खेळता कसे, ते सांग.”

“पद्धतशीर. प्रत्येक चालीला मी थांबवतो. ही चाल का केलीस? दुसरी कुठली होती? ती का नाही केलीस? तोंडाने बोलून दाखवायचं. त्याशिवाय विचारांना शिस्त लागत नाही.”

“वा!” बुवाचे डोळे चमकले. “मी आपला अडाणी. मास्तरने कान पिळला, तेवढीच माझी शाळा. पण ही पद्धत झकास आहे. बस, एक डाव होऊ दे.”

सभामंडपाच्या फरशीवरच पट कोरलेला होता. खापराचा तुकडा म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघाने उड्या मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. विश्रामने वाघ घेतला. तो बकऱ्या घेणारा माणूसच नव्हता.

त्याने पहिली चाल केली.

“का?” बुवा म्हणाला.

“का म्हणजे?”

“तिथेच का गेलास? बोलून दाखव की.”

“...मधली जागा मोक्याची असते.”

“शाब्बास! दुसरी चाल होती?”

“होती.”

“मग ती का नाही केलीस?”

विश्रामने दात आवळले. पुढच्या चालीला वाघाने एक बकरी खाल्ली.

“अरे वा! उडी मारताना मनात काय आलं?”

“काही नाही आलं!”

“असं कसं? आठव, बाळा. घाई नाही.”

बाळा! विश्रामचे कान तापले. तीन-चार चाली अशाच गेल्या. हात पटाकडे गेला की बुवाचं बोट वर. चाल झाली की बुवाची मान तिरकी. बकरी चोरली असती तरी परवडलं असतं. थेरड्याला इथेच नदीत ढकलावं, असं विश्रामच्या मनात दोनदा येऊन गेलं. एकदा तर त्याने पायऱ्या किती खोल आहेत तेही पाहून घेतलं.

समोर उडी होती. साधी, सरळ. बकरी तोंडापाशी येऊन उभी.

त्याने वाघ उचलला.

“थांब,” बुवाचं बोट वर गेलं. “आधी सांग, यात धोका कुठला—”

विश्रामने वाघ नेऊन थेट कोपऱ्यात आपटला. चिंचोक्यांच्या मधोमध.

“घ्या! कोंडा! संपवा एकदाचं!”

बुवाने चिंचोका सरकवला. वाघ कोंडला.

...

“उडी दिसली नव्हती?”

“दिसली होती!” विश्राम ओरडला. “आंधळ्यालाही दिसली असती! पण तुम्ही—”

शिखरातली कबुतरं फडफडून उडाली.

विश्रामचं तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं.

...

त्याने कोपऱ्यातलं खापर उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. राग मात्र कुठे जायला तयार नव्हता. शेवटी तो पुन्हा बुवावरच उलटला.

“कळलं! कळलं म्हणतो ना! एवढं शहाणपण आहे, तर हेही सांगा. उद्या तिला पटासमोर बसवू कशी?”

“आधी तू ऊठ.”