शेजारच्याचाही तोच नंबर

आमच्या मजल्यावर घरोघरी वायफाय नवंनवं आलं, तेव्हाची गोष्ट. भिंतीला कान लावला तरच यंत्रांच्या गप्पा ऐकू यायच्या.

सबनीसांच्या कम्प्युटरने कॅनडातल्या तान्ह्या नातीचा फोटो मागवला होता. गप्पांत पलीकडचा पेडणेकरांचा टीव्ही सहज म्हणाला, "वायफायवरचा माझा नंबर १९२.१६८.१.५."

कम्प्युटर हादरलाच. "अरे बापरे, तो तर माझा! आता आमची नात तुमच्याकडे जाणार!"

"वेडा रे वेडा," सबनीसांच्या घरात वायफाय पुरवणारा राउटर म्हणाला. "हे नंबर घरातल्या घरात चालतात, म्हणून घरोघरी तेच असले तरी बिघडत नाही. बाहेर फक्त माझा पत्ता चालतो. फोटो तू मागवलास, हे माझ्या लक्षात आहे; आला की तुलाच देईन."

"म्हणजे बाहेर मला कोणीच ओळखत नाही?"

"कोणीच नाही."

तेवढ्यात फोटो आला आणि सबनीसकाकूंनी कम्प्युटरच्याच काचेवर ओठ टेकले.