दृढाक्षाची झोप आणि इंद्राची शंका

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, पश्चिम समुद्राच्या तीरावर वज्रकूट नावाचे नगर वसवून दृढाक्ष नावाचा दानवराज राज्य करीत होता. सहस्र वर्षे एका पायावर उभे राहून त्याने ब्रह्मदेवांना प्रसन्न करून घेतले आणि वर मागितला, "हे पितामह, जोवर माझे डोळे उघडे आहेत, तोवर मला मृत्यू नसावा. पापणी लवली तर ती धरू नये." "तथास्तु" म्हणून ब्रह्मदेव लगबगीने अंतर्धान पावले. देव असे घाईने निघाले की समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे. दृढाक्षाने पापणी लवण्याची सवलत आठवणीने मागितली. झोप मात्र तो विसरला.

त्यानंतर बारा वर्षे तो निजला नाही. वराचे मर्म त्याने कोणालाही सांगितले नाही, आणि म्हणूनच 'महाराज, क्षणभर विसावा घ्या' असे विनवणारा प्रत्येक जण त्याला मारेकरी वाटू लागला. नगरात अंगाई गाण्यास बंदी झाली आणि दरबारात जांभई देणारा हद्दपार होऊ लागला. त्याची छाती सदैव धडधडे, तळहात गार पडत, पडदा हलला तरी खड्ग उपसले जाई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर तो एका दानवाच्याच पाठी लागला होता. मला त्याची कीव येते.

त्याची राणी कुवलया कमलनयना, मृदुभाषिणी आणि सुगरण होती. पतीचे तांबारलेले डोळे तिला पाहवेनात. एके दिवशी तिने खसखस वाटून, नारळाचे दूध आणि गूळ घालून खीर केली, एक वाटी स्वतः खाल्ली आणि एक त्याच्यापुढे ठेवली. दोन घोट घेताच दृढाक्षाच्या पापण्या जड झाल्या. तो गर्जला, "कपटिनी! माझे मर्म तुला कोणत्या शत्रूने सांगितले?" कुवलया हात जोडून काही बोलू पाहत होती, तोच तिला जांभई आली. ती आपली थट्टाच करते आहे असे समजून त्याने तिला कारागृहात टाकले आणि तिसऱ्या दिवशी मध्यान्ही तिच्या शिरच्छेदाची आज्ञा दिली.

त्या तिसऱ्या दिवशी प्रातःकाळी, तो शत्रू कोण हे विचारण्यासाठी, त्याने आपला आकाशगामी रथ रेवातीरी सौम्यश्रवा मुनींच्या आश्रमाकडे वळवला. तेथे कदंब आणि बकुळ यांच्या गर्द छायेत, होमधुराने सुगंधित झालेल्या अंगणात, हरणांची पाडसे दर्भावर निर्धास्त पहुडली होती. ती पाहून दृढाक्षाला वाटले, हीसुद्धा कोणाची हेर असावीत.

मुनी म्हणाले, "राजा, तुझ्या श्वासात वादळ आहे. बैस, डोळे मीट, मग बोलू."

दृढाक्षाने खड्ग उपसले. "तूही त्यांच्यातलाच! डोळे मिटले की मला मृत्यू गाठेल, हे तुला ठाऊक आहे!"

बारा वर्षांचे गुपित असे रागाच्या भरात तोंडून निसटले. कदंबाआड काहीतरी हलले. तेथे दृढाक्षाचे मर्म हुडकत त्याच्या मागावर आलेला साक्षात देवेंद्र पाठीमागे वज्र लपवून उभा होता.

मुनी शांतपणे म्हणाले, "मग मिटू नकोस. अर्धे उघडे ठेव आणि दृष्टी नाकाच्या शेंड्यावर लाव. खड्गही मांडीवर राहू दे. श्वास आला की 'आला' म्हण, गेला की 'गेला' म्हण. शंका आली तर 'शंका आली' एवढेच म्हण. तिला पाट मांडून जेवायला बसवू नकोस."

"यात तुझा काय लाभ?"

"तुझी धडधड थांबली, तर माझी पाडसे झोपतील."

दृढाक्ष बसला. त्याने प्रथम मुनींवर संशय घेतला, मग पाडसांवर, आणि शेवटी आत जाणाऱ्या वाऱ्यावरही. पण येणाऱ्या शंकेला कोणी पाट मांडीना, तेव्हा ती आल्या पावली परत जाऊ लागली. सूर्य वर चढला, छाती निवळली, आणि कुवलया त्याला जशी होती तशी दिसली: जोडलेले हात, भरलेले डोळे आणि ती जांभई.

तो ओरडला, "मुनिवर, ती पेंगत होती! तिनेही तीच खीर खाल्ली होती. मारेकऱ्याला तर जागे राहावे लागते!"

"मग तिला तुझे मर्म कोणी सांगितले?"

"कोणीच नाही. मीसुद्धा नाही." आणि तो दानवराज ढसाढसा रडला.

मुनी कदंबाकडे वळून म्हणाले, "देवेंद्रा, माझ्या आश्रमात तू चोरून ऐकलेस. ज्याचे गुपित घेतलेस, त्याची शंकाही घे!"

दृढाक्षाने रथ वाऱ्यापुढे हाकला. वधस्तंभापाशी परशू उचलला गेला होता. त्याने तो स्वतःच्या हाताने अडवला आणि कुवलयेच्या पायांवर पडून तिला सर्व सांगितले.

ती म्हणाली, "बारा वर्षे माझ्या हातचे जेवलात, आणि एवढे सांगवले नाही?"

"मला निजायचे आहे," तो म्हणाला, "पण भय वाटते."

"मग निजा. मी जागी राहते."

तिने पुन्हा खसखशीची खीर केली. या खेपेस तिने स्वतः एक घोटही घेतला नाही.

राजाने डोळे मिटताच इंद्र वज्र उगारून शय्येपाशी प्रकटला. दृढाक्ष घोरत होता. उशाशी कुवलया शांतपणे वारा घालीत होती. तिने इंद्राकडे नुसते रोखून पाहिले. इंद्राचा हात अडखळला. बारा वर्षे न निजलेला दानव इतका निर्धास्त कसा? यात काहीतरी डाव आहे! त्याने शय्येभोवती तीन फेऱ्या घातल्या, पलंगाखाली वाकून पाहिले, खिरीची वाटीही हुंगली, आणि तो आल्या वाटेने परतला.

दृढाक्ष तीन दिवसांनी जागा झाला, आणि वज्रकूटात पुन्हा अंगाई ऐकू येऊ लागली. तेव्हापासून साधक अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ध्यानाला बसतात. आणि पृथ्वीवर कोणी आपला श्वास पाहत स्वस्थ बसला, की तिकडे अमरावतीत इंद्राचे आसन डळमळते. खरे तर त्याचे आसन त्यांच्यापैकी कोणालाच नको असते. पण हे त्याला सांगणार कोण? भोवतीचे सारे देव जांभई दाबून उभे असतात.