आक्काच्या कानावरचा अंगठा

ओ पाहुणे, हात काढा आधी बाहेर! तोफेच्या तोंडात हात घालून फोटो काढायची ही जागा नव्हे. बाकीच्या गडांवर काय करायचं ते करा, हिरडगडावर नाही. हां, आता कसं! रागावू नका. मी आत्माराम गुरव, इथल्या तुकाईची पूजाअर्चा माझ्याकडं. आणि तुकाईच्या खालोखाल ह्या आक्काची.

आक्का म्हणजे ही तोफ. आता हात न घालता आत डोकावा. दुसरीकडच्या तोफांत काय दिसतं? गांधीलमाश्यांची पोळी, नाहीतर वेफर्सची पाकिटं. आमच्या आक्काची नळी बघा, टोपातल्या तुपासारखी गुळगुळीत. दर खंडेनवमीला गाव वर येतं आणि ती आतून पुसून, तेल देऊन ठेवतं. पुसायचा गज तो तिथं देवळाच्या आढ्याला टांगलाय. लांब शिसवी काठी, एका टोकाला लोकरीसकट मेंढीचं कातडं गुंडाळलेलं, दुसऱ्या टोकाला लाकडाचा गट्टू. लोकरीनं पुसायचं, गट्टूनं ठासायचं.

तुम्ही म्हणाल, जुनी तोफ पुसायची तर त्यात एवढं काय? तेच सांगतो. पण सावलीत बसा, उभ्याउभ्या सांगायची गोष्ट नाही ही. आणि साल विचारू नका. माझ्या आज्यानं मला सांगितली तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तोफ उडाली की आतून मोकळी होते असं आपल्याला वाटतं. ती होत नाही. दारूच्या पिशवीच्या चिंध्या आत धुमसत राहतात. त्यावर नवी दारू घातली तर ती तिथल्या तिथं पेटणार. म्हणून प्रत्येक बार उडाला की ओला गज आत घालायचा, फिरवायचा, निखारा विझवायचा, मग दारू ठासायची. आणि हे मागं बारीक भोक दिसतंय ना, हा तोफेचा कान. बत्ती द्यायची ती इथं. पण गज आत-बाहेर होत असताना ह्या कानातून वारा शिरला, तर चुकून राहिलेला निखारा फुंकणी मारल्यासारखा फुलतो. म्हणून तेवढा वेळ एका माणसानं कानावर अंगठा दाबून उभं राहायचं. अंगठा हलला, तर तोंडाशी गज धरून उभा असलेला माणूस गेलाच म्हणून समजा. त्याला तो अंगठा दिसत नाही. त्यानं नुसता भरवसा ठेवायचा.

तर असं सांगतात, की गनिमाचा वेढा पडला होता. वैशाखाचे दिवस. खालच्या गावातली बायामाणसं, पोरंबाळं सगळी गडावर आली होती. फौज वर चढेल अशी वाट एकच, ही समोरची घळ, आणि घळीच्या बरोबर वर ही आक्का. आक्का जागी आहे तोवर गड शाबूत, हे पोरासोरांनाही कळत होतं.

आक्कावर तिघं होते. धोंडजी कडू नेम धरून बत्ती द्यायचा. त्याचा पाठचा भाऊ रखमाजी गज चालवायचा. आणि कानावर अंगठा असायचा तो सुभानजी वाळंजाचा. तिघं एका ताटात जेवणारे. अंगठा भाजू नये म्हणून सुभानजी चामड्याचा अंगुस्ताना घालायचा. पण वेढा लांबला, चामडं करपत गेलं, आणि एका दुपारी रखमाजी दारू ठासत असताना त्या अंगुस्तान्याला भोक पडलं. तापल्या लोखंडाचा चटका सरळ कातडीला बसला. सुभानजीनं अंगठा उचलला. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ, म्हणे.

तेवढा पुरला. आक्का आपसूक उडाली. गजही गेला आणि रखमाजीही गेला, ह्या इथून खाली.

धोंडजीनं दुसऱ्या दिवशी तुकाईपुढं बेलभंडार उचलला. सगळ्या गडाच्या देखत म्हणाला, "आई, ज्या जागी त्यानं माझा भाऊ मारला, त्याच जागी त्याला मारीन. नाही मारला तर कडवाचं नाव लावणार नाही." रखमाजीची बायको लिंबाई शेजारीच उभी होती. तिनं त्या भंडाऱ्याचं बोट आपल्या उजाड कपाळाला लावलं. सुभानजी दाराबाहेर होता. त्यानं सगळं ऐकलं, आणि तिथूनच माघारी फिरला. त्यानं अंगठा उचलला होता हे खरंच होतं. गडावर मग त्याच्याशी कुणी बोलेना, त्याच्या हातचं कुणी पाणी घेईना.

पुढं गनिमानं जोर केला. गडावर ताप पसरला होता. जे धड होते ते पलीकडच्या चोरवाटेवर, दिंडीदरवाजाच्या तटावर अडकले. आणि एके सकाळी घळीतून माणसं चढायला लागली, मुंग्यांसारखी. किल्लेदार धावत बुरुजावर आला. तोफेचं काम येणारे दोघंच उरलेले, धोंडजी आणि सुभानजी.

किल्लेदारानं कपाळावर हात मारून घेतला, असं आजा सांगायचा. कारण बेलभंडार त्याच्याच समोर उचलला होता. तो म्हणाला, "धोंडजी, गज तू घे. सुभानजी कानावर राहील."

धोंडजी म्हणाला, "त्याच्या अंगठ्याच्या भरवशावर मी उभा राहणार नाही. कडेलोट करा हवं तर."

मग सुभानजी बोलला, किती दिवसांनी. "मी घेतो गज, सरकार. कानाशी त्याला उभा करा. माझ्या अंगठ्याचा मलाच भरवसा नाही."

नवा गज तयार होता. त्यानं तो उचलला आणि तोफेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. म्हणजे मरायलाच उभा राहिला की हो! ज्यानं जीव घ्यायची शपथ घेतली त्याच्याच अंगठ्याच्या हवाली. पण खाली ती माणसं चढतायत, मागं देवळात पोरंबाळं कोंबलीयत. दुसरा इलाज काय होता?

गज भिजवायला पाणी लागतं. टाक्याचा तळ दिसायला लागला होता. त्या तळाचं गढूळ पाणी घागरीत भरून आणायला एक बाई पुढं झाली, ती लिंबाई. किल्लेदार तिला नको म्हणाला. ती म्हणाली, "माझ्या धन्याची जागा आहे ती. तिथं काय होतं ते मी बघणार." काय होणार ते तिला ठाऊक होतं. तेच बघायला ती आली होती.

पहिला बार झाला. चढणारी रांग मोडली, मागं सरली. सुभानजीनं गज भिजवून आत घातला. कानावर धोंडजीचा अंगठा, त्यात नवा अंगुस्ताना. आक्का अजून फार तापली नव्हती. काही झालं नाही. दुसरा बार झाला. परत गज, परत अंगठा. लिंबाई प्रत्येक वेळी दिराच्या हाताकडं बघायची. मग तिला राहवेना. घागर ओतता ओतता ती धोंडजीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, कशाची वाट बघताय?"

धोंडजी म्हणाला, "खालचे उतरू देत. मग."

हे सुभानजीला ऐकू गेलं असेल का? आजा म्हणायचा, गेलंच असणार, किती ते अंतर! पण त्यानं मान वळवली नाही. गज बाहेर काढला, दारू घातली, ठासली, बाजूला झाला. बत्ती पडली.

ऊन चढलं. बारावर बार होत गेले आणि आक्का इतकी तापली, की तिच्या अंगावर पाण्याचा थेंब पडला तर चुर्र करून उडून जायचा. गनीमही हट्टाला पेटलेला. शेवटी शेवटी तर त्यांच्या पागोट्यांचे रंग इथून ओळखू यायला लागले. आणि नेमकी तेव्हाच लिंबाईनं घागर उपडी केली. आत चिखल होता. पाणी संपलं.

आता बघा कसं झालं ते. गज कोरडा, म्हणजे आतला निखारा विझणार नाही. दारू तर ठासायलाच हवी, नाहीतर ती माणसं बुरुजावर येतात. म्हणजे निखारा आणि दारू ह्यांच्यामध्ये उरला फक्त अंगठा. आणि धोंडजीचा अंगुस्तानाही करपून गळून पडलेला. उघडा अंगठा, तापलेलं लोखंड. धोंडजीला काही करायची गरजच नव्हती हो! नुसतं भाजलं म्हणून हात उचलायचा. कुणी बोट दाखवलं नसतं. शपथ पुरी झाली असती आणि पापही लागलं नसतं.

सुभानजीनं कोरडा गज बघितला. धोंडजीचा उघडा हात बघितला. मग एवढंच म्हणाला, "धोंडजी, घालतो."

धोंडजीनं अंगठा कानावर टेकवला.

कातडी जळाल्याचा वास सुटला. धोंडजी ओरडला. तुकाईच्या गाभाऱ्यात बसलेल्यांना वाटलं, गेला सुभानजी. पण ते ओरडणं ह्याचं होतं. सुभानजीनं कोरडाच गज फिरवला, निखारे जमतील तेवढे दाबले, पिशवी आत लोटली. गट्टू फिरवून ठासायला लागला. ठासायला वेळ लागतो, घाई करून भागत नाही. लिंबाई दोघांच्या मधोमध उभी. तिनं पदर तोंडात कोंबला होता, म्हणे. अंगठा उचलावा म्हणून ती आली होती, आणि आता तो उचलू नये असं तिला वाटत होतं का, देव जाणे. धोंडजीनं उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं गच्च धरलं आणि खाली दाबलं. आपलाच हात आपल्याला धरून ठेवावा लागला बिचाऱ्याला. ओरडत होता, रडत होता, तुकाईला शिव्या देत होता. पण अंगठा कानावर होता.

गज बाहेर आला. सुभानजी बाजूला झाला. धोंडजीनं अंगठा ओढून काढला तेव्हा त्याचं कातडं आक्कानं ठेवून घेतलं. बत्ती त्यानं डाव्या हातानं दिली.

तो बार घळीच्या वरच्या दरडीवर बसला. दरड वाटेवर कोसळली आणि वाटच बंद झाली. त्या दरडीचे धोंडे तुम्ही येताना ओलांडून आलात. गनीम परत चढला नाही. पावसाळा तोंडावर होता, वेढा उठला.

पण ते मागाहून. त्या घटकेला बुरुजावर काय झालं ते ऐका. धोंडजी मटकन खाली बसला. अंगठ्याकडं बघत राहिला. सुभानजी समोर उभा, हातात गज. त्याला वाटलं, खालचे उतरले, आता हा उठेल आणि मला ढकलेल. तो पळाला नाही. धोंडजीनं मान वर केली आणि लहान पोरासारखा विचारता झाला, "सुभान्या, एवढं भाजतं होय रे?"

सुभानजीच्या हातातला गज खाली पडला. इतके दिवस न रडलेला माणूस धाय मोकलून रडला.

लिंबाईनं पदर फाडला. दिराच्या अंगठ्याला पट्टी बांधली. मग सुभानजीकडं गेली आणि म्हणाली, "तुमचा बघू." तो हात मागं लपवायला लागला. तिनं ओढून पुढं घेतला. रखमाजी गेला त्या दिवशीचा चटका तसाच चिघळला होता, पार आतपर्यंत. एक माणूस मेला, त्यापुढं कुणाचा अंगठा कोण बघतो? गडावर कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही कुणाला दाखवला नव्हता. लिंबाई त्या जखमेकडं बघत राहिली. नवरा काही परत येणार नव्हता. पण तिनं उरलेला पदर फाडला आणि तीही जखम बांधली.

आणि शपथेचं काय, असं विचाराल. धोंडजीनं खरंच कडवाचं नाव सोडलं. त्याच्या वंशजांना आम्ही आंगठे म्हणतो. खालच्या आळीत चार घरं आहेत, जाताना पाणी मागा, देतील.

आजही खंडेनवमीला आक्का पुसायची ती कुणीही उठून पुसायची नाही. वर्षात गावात ज्याच्या हातून दुसऱ्याचं मोठं वाईट झालं असेल, त्यानं गज घेऊन तोंडाशी उभं राहायचं. ज्याचं वाईट झालं, त्यानं कानावर अंगठा ठेवायचा. जबरदस्ती नाही. कधी कधी समोरचा येतच नाही, आणि त्यालाही आम्ही नावं ठेवत नाही. मग मी एकटाच तेल लावून घेतो. अंगठा ठेवला म्हणजे माफ केलं, असंही नाही बरं का! तेवढा वेळ तुझा जीव माझ्या हातात आहे आणि मी तो सांभाळतोय, एवढंच.

गेल्या खंडेनवमीला हणमंता पडवळ आला होता. त्याचा ट्रॅक्टर उताराला सुटला होता, त्यात गेनू आंगठ्याची लेक गेली. सातवीतली पोर. वर्षभर दोन्ही घरांत चूल पेटत होती एवढंच. हणमंतानं गज उचलला. गेनू येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. कुणाकडं न बघता कानावर अंगठा ठेवला. आक्कात दारू नाही, कैक पिढ्यांत नव्हती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी गज आत जाताना हणमंताच्या हातातली काठी आक्काच्या तोंडावर खडाखडा आपटत होती.

पुसून झालं. तेल देऊन झालं. मी म्हटलं, "गेनूबा, झालं. उचला आता." गेनूनं अंगठा उचलला नाही. दाबूनच उभा. परत म्हटलं, तरी नाही. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मग हणमंतानंच गज भिंतीला टेकवला, मागं गेला, आणि गेनूचा तो हात दोन्ही हातांत धरून हळूहळू सोडवला.